परग्रहवासी आईच्या बोलीत बोलला

हिरवा रंग फासलेला, थर्माकोलची शिंगं लावलेला परग्रहवासी रंगमंचावर आला आणि गोंडीत बोलला. माझ्या आईच्या बोलीत. सभागृह खो खो हसलं. आई तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती.

आधी ती खुशीत होती. शब्द बरोबर होते म्हणून. मग तिनं मागं वळून हसणाऱ्यांकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "काऊन हासून राह्यले व हे? पाणीच त मांगते ना तो."

ते शब्द मीच दिले होते.

वर्ध्यातल्या विज्ञानकथा मंडळात मी चार वर्षांपासून आहे. बोरगाव मेघेला झेरॉक्सच्या दुकानात काम करते. मंडळाचा अंक तिथंच निघायचा. प्रती काढता काढता वाचू लागले आणि वेडीच झाले. काळात मागं जाणारी यंत्रं, दोन सूर्यांचे ग्रह. महिन्याच्या बैठकीला सगळ्यांत आधी मी पोचायची. खुर्च्या मांडायची, अंकाला पिना मारायची, कुणी कथेत विज्ञान चुकवलं तर भांडायचीही. तिथं मी जपून, शुद्ध बोलायची. मला वाटायचं, दूरच्या ग्रहांच्या गप्पा मारणारी ही माणसं, इथं कोण कुणाची जात काढणार. मूर्ख होते मी.

मंडळाचे प्रमुख निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणतो. वार्षिक संमेलनाच्या नाटुकल्यासाठी ते म्हणाले, "परग्रहाची भाषा हवी. खरी वाटली पाहिजे, पण कुणाला कळता कामा नये. तुमच्यात बोलतात ना काहीतरी?"

ते 'काहीतरी' मला तेव्हा टोचलंच नाही. मी हुरळून गेले. गिरडजवळच्या आमच्या गावी आईला फोन लावला. तहानलेला माणूस परक्या दारात पाणी कसं मागेल, ते तिच्याकडून एकेक वाक्य उतरवून घेतलं. पाण्याला एर, घराला रोन. तिला वाटलं, शहरात आपल्या बोलीचं नाटक होतंय. नवं लुगडं नेसून, दोन बस बदलून ती आली.

नाटक संपल्यावर सर आमच्याजवळ आले. म्हणाले, "पुढच्या वर्षी आईंनाच उभं करू. रंगही कमी लागेल."

आजूबाजूचे हसले. आईला मराठी चांगलं कळतं. तिनं सरांना हात जोडले. आणि मी? मीही हसले.

चारचौघांत मराठी, पण फोनवर आम्ही गोंडीतच बोलायचो; तेव्हापासून आई तिथंही माझ्याशी मराठीतच बोलते. गोंडीत विचारलं तरी मराठीत उत्तर. एकदा म्हणाली, "राहू दे ना बाई. लोकायले हासू येते." आम्हा दोघींची बोली मी स्वतःच्या हातानं त्या सभागृहात नेऊन टाकली. फोन ठेवला की रडू येतं.

पुढच्या बैठकीत सरांनी सांगितलं, नाटकाला नागपूरचं बोलावणं आलंय, आणखी वीसेक शब्द दे.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, कुणाला कळतंय त्यातलं?"

"मले कळते, सर. माह्या मायले कळते. तो पाणी मांगत होता."

चार वर्षांत पहिल्यांदा तिथं मी घरच्यासारखी बोलले. मग एकानं पुढच्या अंकाचा विषय काढला. त्या दिवशी मी पिना मारल्या नाहीत.

मंडळ मी सोडलेलं नाही. सोडणारही नाही. दोन सूर्यांचा ग्रह कुणाच्या बापाचा नाही. कथा लिहायला घेतली आहे. तिच्यातली यानाची कप्तान गोंड बाई आहे, आणि यान तिचे हुकूम तिच्याच बोलीत ऐकतं. अर्धे शब्द मला येत नाहीत. आईला विचारायचं तोंड मला नाही. येतात तेवढ्यांवर लिहिते आहे.

येत्या संमेलनात ती कथा मी वाचणार. पत्रिकेत नाव असो, नसो. गोंडी वाक्यांचा मराठीत अर्थ सांगणार नाही. कुणी हसलं तर थांबेन. हसू संपेपर्यंत उभी राहीन. मग तेच वाक्य पुन्हा वाचेन.