पहिलं घोंगडं

म्हसवडचे दादासो सनगर साताऱ्यातल्या माझ्या सायबर कॅफेत आले ते नव्याण्णव साली, खांद्यावर घोंगड्यांची चळत घेऊन. मिलची ब्लँकेटं बाजारात आल्यापासून त्यांच्या घोंगड्यांना कुणी विचारत नव्हतं.

"तुमच्या ह्या ईमेलनं गिऱ्हाईक मिळालं तर बरं, न्हाईतर माग इकून टाकतो," म्हणाले. माझ्या कामाबद्दल त्यांनी एक घोंगडं दिलं. मयूरी, माझी बायको, ते दुपट्यावरून तान्ह्या ओवीच्या अंगावर घालू लागली.

पुण्यामुंबईला, अमेरिकेला गेलेल्या गावकऱ्यांचे पत्ते आम्ही जमवले. जाहिरात मी झकास लिहिली. पण दादासो अडून बसले.

"पयलं आवतण गावच्या सिद्धनाथाला. लग्नाची पत्रिका बी तशीच जाती."

आता देवाचा ईमेल मी कुठून आणू? कटकट मिटावी म्हणून त्याच्या नावाचा एक पत्ता मनानेच रचला. तर ह्या बाबांनी कीबोर्डलाच हळदकुंकू वाहिलं! पुसताना माझं डोकं फिरलं होतं.

देवाचं पत्र तिथल्या तिथे परत आलं: असा पत्ताच नाही. बाकीच्यांकडूनही काही आलं नाही. दिवाळी गेली, आणि दादासो माग विकायचं ठरवूनच आले. शेवटचं म्हणून पाहिलं, तर एक उत्तर होतं. त्याच रचलेल्या पत्त्यावरून. इंग्रजी अक्षरांत मराठी: "माझं घोंगडं कुणाच्या अंगावर हाय?"

"कुणीतरी थट्टा करतंय," मी हसलो.

दादासोंचा चेहरा पांढरा पडला. "पुष्करराव, वर्साचं पयलं घोंगडं देवाचं असतंय. औंदा धंदा चालावा म्हून म्या ते तुमाला दिलं. ह्ये माझ्या घरात बी कुणाला ठाव न्हाई."

माझं हसणं तिथेच थांबलं. त्यांना स्कूटरवर मागे घेऊन मी घर गाठलं. मयूरी दारातच होती.

"अहो, दादासोंनी पाठवलंय म्हणून एक म्हातारे येऊन घोंगडं घेऊन गेले. ओवीला गुलाल पण लावला."

पाळण्यात ओवी शांत झोपली होती. कपाळावर गुलाल.

"म्या कुणाला धाडलं न्हाई," दादासो उंबऱ्याशीच खाली बसले.

"विका तो माग," मी ओरडलोच, "आणि सुटा ह्यातून!"

"इकू कसा? पुढल्या वर्साला त्यो आपलं घोंगडं मागाय आला, तर त्याला काय देऊ?"

आणि त्यांची नजर पाळण्याकडे गेली.