मारबतीच्या दिवशी दिलेली शिवी

१९७३, ऑगस्टची अखेर, पोळ्याचा दुसरा दिवस. नागपुरातल्या आमच्या घराच्या मागच्या मोरीत बसून मी पुरणयंत्राची जाळी साफ करत होते. आदल्या दिवशी पोळ्या झाल्या, पंगत उठली आणि यंत्र तसंच राहून गेलं. वाळलेलं पुरण जाळीच्या भोकांत सिमेंटसारखं बसतं. खराट्याची काडी घेऊन एकेक भोक मोकळं करावं लागतं. या कामाला डोकं लागत नाही, फक्त वेळ लागतो.

आमच्याकडे हा दिवस मारबतीचा. मोठ्या मारबती इतवारीकडून वाजतगाजत निघतात, पण आमच्या गल्लीतली पोरं आपली एक छोटी मारबत, म्हणजे बाईचा पुतळा, वेगळी करायची. बांबूच्या कमच्या, रद्दी, कुणाच्या तरी आजीचं विरलेलं लुगडं, आणि तोंडाला गेरू. ती खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवायची आणि नाल्याकाठी नेऊन जाळायची. वाटेत एकानं ओरडायचं, "खोकला-पडसं!" बाकीच्यांनी म्हणायचं, "घेऊन जाय गे मारबत!" खरूज, ढेकूण, महागाई, ज्याला जे नको असेल ते तिच्याबरोबर पाठवून द्यायचं.

मोरीत मला सगळं ऐकू येत होतं. डास गेले, खरूज गेली, गणिताचा पेपरही गेला. मग एक आवाज आला. माझ्या मुलीचा.

"मास्तर भडव्याले!"

हा शब्द मी लिहिते आहे, कारण तो न लिहिता पुढचं कळणार नाही. निम्म्या पोरांनी सवयीनं "घेऊन जाय गे मारबत" म्हटलं, निम्मी गप्प झाली. हातातली काडी जाळीतच मोडली. मी तशीच पुढे धावले. मिरवणूक नेमकी मास्तरांच्या घरासमोर थांबली होती आणि मास्तर ओसरीत आरामखुर्चीवर बसलेले होते. माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत होती. मारबतीचा एक पाय तिच्या खांद्यावर होता. तिनं मला पाहिलं, पण तोंड लपवलं नाही. मी तिला ओढलं आणि सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. तिच्या गालावर पुरण लागलं.

मला धक्का बसला होता हे सांगायला नको. आमच्या घरात शिवी चालत नसे. हा नियम माझा होता आणि मी तो कडक पाळत होते. पोरांनी 'गधा' म्हटलं तरी मी जेवायला उशिरा वाढायची. शेजारणी मला हसायच्या. "वहिनी, पोरं हायत, तोंड हाय, निघतेच," असं एक म्हणायची. मी म्हणायची, तोंडातून निघालेलं पुन्हा आत जात नाही, म्हणून आधीच दात आवळायचे. आणि आता माझ्याच पोरीनं भरगल्लीत हे म्हटलं होतं.

मास्तर निवृत्त शिक्षक होते. रोज सकाळी सात वाजता पुढच्या खोलीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेची शिकवणी घ्यायचे. त्यांच्याकडची मुलं पास व्हायची, एवढंच आम्हा आयांना ठाऊक होतं आणि तेवढं पुरेसं होतं. माझी मुलगी तिथे जायची आणि तिच्याबरोबर तिच्याच वर्गातली तिची मैत्रीण. ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली. त्या घरानं छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, वडील कापडाच्या गिरणीत. पोरगी गणितात माझ्या पोरीपेक्षा वरचढ होती. शिष्यवृत्ती मिळाली तर ती पुढे चांगल्या शाळेत जाणार, असं सगळे म्हणायचे. आठवडाभरापासून ती शिकवणीला येत नव्हती. मी विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "येत नाही." मी पुढे विचारलं नाही.

पोरीला घरात आणलं तर सासूबाई तिच्याच बाजूनं उभ्या राहिल्या.

"काहून मारून राहिली वं पोरीले? मारबतीच्या दिवशी तोंडाले कुलूप असते काय? आमच्या गावाकडे तर पोरं पाटलालेही सोडत नव्हते."

"ते गाव होतं," मी म्हटलं.

"अन् हे काय विलायत हाय?"

हे ऑफिसातून आले तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. पानाच्या ठेल्यावरच कुणीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, "मार देऊन झाला ना? मग झालं." आणि पेपर उघडला.

दिवेलागणीला मास्तर स्वतः आले. छत्री दाराशी टेकवून बसले. चहाला नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही.

"बाई, तुमची मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "म्हणून मी आलो. दुसऱ्या कुणाची असती तर नाव काढून टाकलं असतं. उद्या सकाळी सात वाजता सगळ्या मुलांसमोर कान धरून माफी मागायची. नाही मागितली तर माझ्याकडे जागा नाही."

"मागेल," मी म्हटलं. "मी स्वतः घेऊन येते."

"दोष तिचा नाही. संगतीचा आहे. असे शब्द आपल्या घरांतून येत नाहीत. कुठून येतात ते आपल्याला ठाऊक आहे. ती दुसरी मुलगी गेली ते एका परीनं बरंच झालं."

मी मान हलवली. ते मला आजही लख्ख आठवतं. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण मी मान हलवली.

ते गेल्यावर मी मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं. पाटावर बसवलं आणि समोर बसले.

"हा शब्द तुला तिनं शिकवला ना?"

"कोणं?"

"तुझ्या मैत्रिणीनं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाही वं आई. बाबा म्हणते. सायकलची चेन पडली का म्हणते."

बाहेरच्या खोलीत पेपरचा आवाज थांबला.

"बाबा चेनला म्हणतात," मी म्हटलं. "तू वयानं मोठ्या माणसाला म्हणालीस. काहून?"

ती एकदम बोलायला लागली आणि थांबेना. मास्तर मैत्रिणीला आत बसू देत नसत. सगळ्या पोरांना सतरंजी, तिला पोतं. तेही उंबऱ्याबाहेर, चपलांजवळ. पाटी दाखवायची तर तिनं ती उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरायचं. मास्तर वाकून बघायचे आणि खडूनं खूण करायचे. उत्तर बरोबर आलं तर म्हणायचे, हिला येतं आणि तुम्हाला येत नाही, लाज वाटू द्या.

"अन् नावानं हाकच नाही मारत तिले," मुलगी म्हणाली. "माझं नाव घेतात, सगळ्याईचं घेतात. तिले…" आणि तिनं तो शब्द म्हटला.

तो शब्द मी इथे लिहीत नाही. धर्म सोडला तेव्हा त्या लोकांनी ज्या जातीचं नाव मागे टाकलं, तेच ते नाव. मास्तर ते हाक मारायला वापरत होते. "ए अमकी, पुढचं सांग." मागच्या आठवड्यात त्या पोरीनं उत्तर दिलं नाही. मास्तरांनी पुन्हा त्याच नावानं हाक मारली. ती उठली, पाटी घेतली आणि घरी गेली. तेव्हापासून आली नाही.

"मले खूप राग आला," मुलगी म्हणाली. "पण शिकवणीत बोलता येत नाही. मारबतीले बोलता येते. म्हणून मी थांबली."

आठवडाभर ती थांबली होती. राग आला तेव्हा ओरडली नाही. जो दिवस त्यासाठी राखलेला आहे त्याची वाट पाहिली आणि तो आल्यावर काम केलं. मला जरा बावरल्यासारखं झालं, कारण हा स्वभाव माझा आहे.

तरी मी म्हटलं, "मास्तर चुकले असतील. म्हणून आपण शिवी द्यायची?"

"त्यायनं नाही दिली?"

"ती शिवी नाही. ती…" मी तिथेच अडकले.

"शिवी नाही?" तिनं विचारलं. "मग मी तिले तसं म्हटलं तर चालते?"

"अजिबात नाही!"

"तू तर म्हणते. आजी म्हणते. खीर आली होती तेव्हा तू म्हटलं होतं."



मेमध्ये, बुद्धपौर्णिमेला, त्या घरून डब्यात खीर आली होती. त्या मैत्रिणीनं ऊन तुडवत आणली होती. मी हसून घेतली. ती वळल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कोणाकडची?" आणि मी सांगितलं. नावानं नाही, आडनावानं नाही. त्या शब्दानं सांगितलं. अगदी सहज, शेवग्याच्या शेंगा कुठून आणल्या ते सांगावं तसं. मग खीर भांडी घासणाऱ्या बाईला दिली, डबा घासला, आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात साखर भरून पाठवला. रीत मी एकही चुकवली नव्हती. तेव्हा माझी मुलगी तिथेच, याच पाटावर, कैरी खात बसलेली होती.

मला कुणी थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं. घरात शिवी चालत नाही म्हणून मी इतकी वर्षं पहारा ठेवला होता. 'गधा' अडवला, 'साला' अडवला. हा शब्द माझ्याच तोंडातून दिवसाढवळ्या येत-जात होता आणि मला तो कधी दिसला नव्हता. आणि तासाभरापूर्वी मी मास्तरांसमोर मान हलवली होती.

मी मुलीला काही समजावलं नाही. म्हटलं, "उद्या तुला माफी मागावी लागेल. तो शब्द वाईटच आहे."

"अन् मास्तर?"

"ते उद्या बघू. जेव."

हे जेवायला बसले आणि पहिला घास घेण्याआधी म्हणाले, "चेनचं मी बघतो." रात्री मी पुरणयंत्र धुवून पालथं घातलं. एक भोक अजून बुजलेलंच होतं.

सकाळी सातला मी मुलीला घेऊन मास्तरांकडे गेले. सतरंजीवर बारा-पंधरा पोरं होती. उंबऱ्याबाहेर, चपलांजवळ, ते पोतं घडी करून ठेवलेलं होतं. रोज मी पोरीला कोपऱ्यापर्यंत सोडायची. तिथून हे दिसायचं नाही, किंवा मी पाहिलं नव्हतं.

मुलीनं कान धरले. "सर, मी तुमाले वाईट शब्द बोलली. पुन्हा नाही बोलणार." मास्तर म्हणाले, "शाबास. बस."

"ती बसणार नाही," मी म्हटलं. "तिचं झालं. आता तुमचं राहिलं."

"माझं काय?"

"तुम्ही ज्या मुलीला रोज त्या नावानं हाक मारत होतात, तिची माफी. तिच्या घरी जाऊन मागा. आम्ही आता तिकडेच चाललोय."

मास्तर हसले. खरोखर हसले, लहान मुलाचं ऐकून हसावं तसे. "बाई, ती काय शिवी आहे?"

आदल्या संध्याकाळी मी जे म्हटलं होतं, जवळजवळ तेच. मी पोरीचा हात धरला आणि निघाले.

नाला ओलांडून पलीकडे गेलो. मैत्रिणीची आई ओसरी सारवत होती. आम्हाला पाहून थांबली, पण उठली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. मास्तरांचं सांगितलं, माझ्या पोरीच्या शिवीचं सांगितलं, आणि मग खिरीचं सांगितलं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुमच्या पोरीनंच सांगितलं. त्याच दिवशी इथं येऊन दोन वाट्या खाऊन गेली."

मी मुलीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"माझं चुकलं," मी म्हटलं. तिनं माफ करावं असा माझा हक्क नव्हता. मग मी मुद्द्याचं बोलले. "परीक्षा याच वर्षी आहे. गणित माझं पक्कं आहे. मॅट्रिकला मला त्यात चांगले मार्क होते. तुमच्या मुलीला रोज सकाळी आमच्या घरी पाठवा. दोघींचं करून घेते."

तिनं शेणाचा हात बादलीत धुतला, पदराला पुसला.

"तुमच्या घरी नाही पाठवत," ती म्हणाली. "बाहेर बसून बसून पोरगी थकली बाई. शिकवायचं असंल तर तुमी इकडे या."

सात वाजून गेले होते. घरी ह्यांचा डबा व्हायचा होता, नळ जायच्या आत पाणी भरायचं होतं. मी मुलीला म्हटलं, "घरी पळ. बाबांना सांग, आज डबा नाही. आजीला सांग, पाणी भरून ठेवा. आणि तुझी पाटी घेऊन ये."

दारामागून ती दुसरी पोरगी बाहेर आली. हातात पाटी आधीच होती. मी तिला तिच्या नावानं हाक मारली, ओसरीच्या कोरड्या बाजूला बसले आणि टाकी-नळाचं पहिलं गणित घातलं.