न पडलेली पाकळी

जी गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही, ती आधी सांगून टाकतो. मी देवाचा कौल फिरवला आहे. आयुष्यात एकदाच, पण फिरवला आहे.

मी गुरव. आटपाडीच्या अलीकडे, माळावरच्या आमच्या सिद्धनाथाची पूजा आमच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या आहे. कौल म्हणजे काय, हे सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवायची, मनातलं विचारायचं आणि वाट पाहायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सोयरीक असो, नवी विहीर असो, माणसं विचारूनच पुढं जातात. गाभाऱ्यात उजेड समईपुरता आणि विचारणाऱ्याचे डोळे मिटलेले. त्यामुळं कोणती पडली हे सांगायचं काम गुरवाचं.

शारदाअक्का आमच्या गावातली. तिचा नवरा फौजेत असतानाच गेला. एकुलता एक मुलगा संजय. त्यालाही फौजेतच जायचं होतं. पळण्यात पहिला यायचा, पण कानाच्या दोषानं दर भरतीत बाहेर निघायचा. असं करत वय उलटून गेलं. मग एक एजंट भेटला. अमेरिकेत दुकानात काम आहे, कागद सगळे पक्के आहेत म्हणाला. अक्काचा जीव काही धजेना. "नाथबाबा म्हणंल तसं," एवढंच ती बोलली आणि पोराला घेऊन देवळात आली.

मी पाकळ्या लावल्या. अक्कानं डोळे मिटले. डावी पडली. संजय माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. मी ती पाकळी तळहाताखाली झाकली आणि म्हणालो, "उजवी दिली देवानं."

का म्हणालो? तरुणपणी मलाही फौजेत जायचं होतं. वडिलांनी कौल लावला आणि डावी पडली म्हणून सांगितलं. ती खरंच पडली होती का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या दिवशी संजयच्या चेहऱ्यात मला माझा तेव्हाचा चेहरा दिसला, आणि देवापेक्षा मला जास्त कळतं असं क्षणभर वाटून गेलं. नंतर मी मनाशी याला दया म्हणायचा प्रयत्न केला. ती दया नव्हती. देवाच्या जागी मी बसलो होतो.

पोरगं गेलं. एजंटानं दिलेला व्हिसा निव्वळ फिरायला जाण्याचा होता, हे त्या बिचाऱ्याला तिथं कामावर पकडल्यावर कळलं. परक्या देशातल्या कोठडीत, भिंतीआड, शेकडो अनोळखी माणसांत त्याला ठेवलं. मोजकी मिनिटं फोन मिळायचा. सुरुवातीला रडायचा, मग रडायचाही थांबला. "आई, जेवलीस का?" एवढंच विचारायचा आणि गप्प. त्या गप्प बसण्याला अक्का जास्त भ्याली. ती दिवसेंदिवस वाळत चालली. आणि मी रोज त्याच हातानं देवाला गंध लावत होतो.

तिथं एका संस्थेच्या वकीलबाई भेटल्या, फी न घेता काम करणाऱ्या. अक्काला फोन नीट उमजत नाही म्हणून त्या माझ्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी समजावलं, की खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याला जामिनावर बाहेर काढता येईल. न्यायाधीश दोन गोष्टी बघतात. हा माणूस कुणाला धोका आहे का, आणि प्रत्येक तारखेला हजर राहील का. त्याला धोकादायक म्हणावं असं काहीच नव्हतं. पण त्याला घरी ठेवून घेणारं, त्याच्यासाठी उभं राहणारं, तिथं कायद्यानं स्थायिक झालेलं माणूस हवं होतं. सांगलीहून पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणला, गावकऱ्यांची पत्रं गेली. माणूस मात्र मिळेना. सुनावणी जवळ आली. वकीलबाई स्पष्ट म्हणाल्या, "माणूस नाही मिळाला, तर आशा ठेवू नका."

अक्का भर दुपारी देवळात आली. "गुरवदादा, लावा पाकळ्या. सुटतंय का न्हाई माझं पोरगं, इचारा."

मी पाकळ्या चिकटवल्या. तिला धीर यावा म्हणून "उजवी" म्हणणं किती सोपं होतं! पण या वेळी मी म्हणालो, "अक्का, डोळं मिटू नगंस. तूच बघ." दोघंही बघत बसलो. पाकळी हलेना. ना उजवी, ना डावी. समईत दोनदा तेल घातलं.

"तुमचा देव झोपलाय का काय?" अक्का वैतागून म्हणाली.

"माझा एकट्याचा हाय व्हय?"

"मग बसते हितंच. कवा जागा हुतोय ते बघते." आणि भिंतीला टेकून ती खरंच बसली. डावी-उजवी काही झालं असतं, तर ती तेव्हाच घरी गेली असती.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. बाळाचं जावळ काढायला एक कुटुंब आलं होतं. त्यांचे आजोबा सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात गाव सोडून गेलेले, पुढची पिढी आणखी लांब, थेट अमेरिकेत जाऊन तिथंच कायमची स्थायिक झालेली. कुलदैवत मात्र हेच. सून अनिताताई, माहेर रहिमतपूरचं. न्हावी वस्तरा भिजवत होता, बाळानं टाहो फोडलेला, आणि कोपऱ्यात अक्का अंगारा मुठीत धरून बसलेली. अनिताताईंनी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "काय झालं, मावशी?"

अक्कानं सगळं सांगितलं. ऐकून त्या नवऱ्याकडं वळल्या. "आपल्याकडं राहील तो."

"अगं, ओळख ना पाळख!" ते म्हणाले.

"गुरव ओळखतात की." आणि त्या माझ्याकडं बघू लागल्या. "खरं सांगा, कसा आहे पोरगा?"

देवासमोर मला पुन्हा एकदा साक्ष द्यायची होती. "तापट हाय," मी म्हणालो. "जत्रंत कुस्तीवरनं एकदा भांडला हाय. कागद न वाचता भुलला. पण शब्द दिला की मोडत न्हाई. आईला एक दिवस उपाशी ठेवलं न्हाई त्यानं."

अनिताताईंचे यजमान हसले. "कुस्तीवरनं कोण भांडलं नाही हो! गुरव, तुम्ही नुसतं कौतुक केलं असतं, तर मी नाहीच म्हणालो असतो."

संध्याकाळी, तिकडं उजाडल्यावर, देवळातूनच वकीलबाईंना फोन लावला. अमेरिकेत परत गेल्यावर त्या नवरा-बायकोनं सगळे कागद दिले, आणि सुनावणीला दोघंही जातीनं हजर राहिले. तिथली ती सकाळ, आमची संध्याकाळच्या धूपारतीची वेळ. आरती संपता संपता माझा फोन वाजला, अक्का शेजारीच उभी होती. "सुटला!" अनिताताई ओरडल्या. "जामीन मंजूर केला, मावशी!"

मी ढोल गळ्यात अडकवला. वार देवाचा नव्हता, वेळ नव्हती, पण बडवत सुटलो. गाव धावत आलं. "काय रं, आग लागली का?" "संजा सुटला!" मग कुणी गुलाल आणला, कुणी खोबरं उधळलं, आणि "नाथबाबाच्या नावानं चांगभलं!" या गजरानं माळ दणाणला. कधी मान वर न करणारी अक्का मधोमध गुलालानं माखून उभी होती, लेक जन्मला त्या दिवशी असेल तशी.

पुढं संजयचा फोन त्यांच्या गाडीतून आला. "मामा, काचंतनं आभाळच आभाळ दिसतंय." खटला अजून चालू आहे. वकीलबाई लढताहेत, तो प्रत्येक तारखेला हजर असतो.

त्या न पडलेल्या कौलाच्या दुसऱ्या दिवशी देवाला स्नान घालताना पाहिलं होतं, तर दोन्ही पाकळ्या तशाच चिकटलेल्या. मी त्या हातानं काढल्या. त्याला चमत्कार म्हणा किंवा गंधाचा चिकटपणा म्हणा, मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं, की देव गप्प असताना आपण त्याच्या वतीनं बोलू नये. गप्प बसून वाट पाहिली, की दाराशी गाडी थांबायला जागा राहते.

अक्का दर सोमवारी येते आणि माझ्या हाताला कपाळ लावून म्हणते, "ह्याच हातानं उजवी दिली हुती." मी हात काढून घेतो. पहिली पाकळी डावी होती, हे तिला देवासमोर सांगायचं माझ्यावर अजून बाकी आहे.