सरकारी अनुदान आणि कुरखेड्याची स्मरणशक्ती

सरकारी प्रकल्पाचा अहवाल कपाटात जातो, किस्से मात्र आमच्यातल्या कुणाच्याही लग्नात पंगतीत बसल्याबरोबर निघतात! नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कुरखेड्यात रिसर्च असिस्टंट होतो. लहान मुलं कशी शिकतात, काय लक्षात ठेवतात, हे शोधायचं होतं. प्रमुख होत्या रामटेके बाई. त्यांची जिद्द एकच: पहिलीत गप्प बसणाऱ्या गोंड मुलांवरचा ‘मंदबुद्धी’ हा शिक्का पुसायचा आणि वर्गात गोंडी बोलणारी ताई मिळवायची. अनुदान बंद झालं असतं, तर सगळंच बोंबललं असतं.

*

सरकारी जीप म्हणजे सुई, हे गावोगावच्या पोरांना पाठ होतं. आम्ही दिसलो की सगळी जंगलात पसार!

आमचे ड्रायव्हर रशीदभाई नागभीडचे. एका गावात शिरताच त्यांनी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. थोड्याच वेळात पोरंटोरं गोळा!

“काय बिघडलं, भाई?” मी घाबरून विचारलं.

“काईच नाई. चालत्या गाडीले पोरं भेतात, बंद पडली का पाह्याले येतात. घ्या आता तुमची टेस्ट!”

पुढे जीप एकदा खरोखरच बंद पडली. बाई म्हणाल्या, “बरं झालं, आज जास्त पोरं होतील!”

*

टेस्टची चित्रं दिल्लीहून मंजूर होऊन आलेली. एका चित्रातल्या घराला खिडकी नव्हती. “यात काय नाही?” असं विचारायचं. एक पोरगी बराच वेळ निरखून म्हणाली, “कोंबड्या.”

उत्तरतक्त्यात ‘खिडकी’. मी शून्य मांडायला लागलो, तर बाई कडाडल्या, “काऊन? तुले दिसल्या का त्यात कोंबड्या?”

*

अनुदान यायचं मार्चमध्ये आणि संपवायचंही मार्चमध्येच. नेमकी तेव्हाच मोहफुलं पडतात आणि शाळा ओस! मी म्हटलं, यंदा राहू द्या.

“मार्च थांबत नाई, मोह थांबत नाई, मंग आपण काऊन थांबाचं?” बाईंनी टेबल थेट मोहाच्या झाडाखाली मांडलं. पोरं फुलं वेचता वेचता उत्तरं देत होती. एका आजीनं माझ्या हातात टोपली दिली, “बसून काऊन राह्यला, बाबू? वेच!”

त्या दिवसाचा माझा पगार सरकारनं मोहफुलं वेचण्यासाठी दिला.

*

खरी अडचण नियमाची. एक मूल, एक खोली, सोबत कुणी नको. सोमी नावाच्या मुलीला एकटी बसवली की ती नुसती भिंतीकडे बघायची. तिच्या गावात चार जण बसतात, मग एक बोलतो. शेवटी बाईंनी तिची मैत्रीण शेजारी बसवली. मैत्रिणीनं चकार शब्द काढला नाही, पण आम्ही लक्षात ठेवायला दिलेले सगळे शब्द सोमीनं घडाघडा म्हणून दाखवले! खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

बाकीच्या पोरांचंही तेच निघालं. बाईंनी सगळ्या टेस्ट सोबत्यांसह पुन्हा घेतल्या आणि तसं वर कळवूनही टाकलं. लगेच नागपूरहून बोलावणं आलं.

*

अनुदान देणाऱ्या समितीचे अध्यक्ष भडकलेले. “शेजारी मैत्रीण? ही तर कॉपी झाली! अनुदान थांबवावं लागेल.”

बाई उठल्या. “सर, एकच विचारते. मूल एकटंच हवं, हा नियम कशासाठी केला?”

अध्यक्षसाहेबांनी डावीकडच्या उपसचिवांकडे पाहिलं. उपसचिवांनी शेजारच्या मॅडमकडे पाहिलं. मॅडम मागच्या सेक्शन ऑफिसरच्या कानाशी लागल्या.

बाईंनी जाऊन दार उघडलं.

“सर सोडून बाकी सगळे जरा बाहेर थांबा!”