व्याह्यांचा एसी आणि पाचवी चाल

माझ्या व्याह्यांएवढा कानाचा तिखट आणि डोक्याचा फिरलेला माणूस अख्ख्या कतारमध्ये दुसरा झाला नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली म्हणून नव्हे. नातं बघून खोटं बोलणारा मी नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची त्यांची नोकरी, पण जीव सगळा चर्चमध्ये गाणाऱ्या आमच्या वसईकरांच्या कॉयरमध्ये. खिशात पेनाऐवजी सूर लावायचा दोन दांड्यांचा काटा. तो कुठेही आपटायचे, लिफ्टच्या दांडीवर, कलिंगडावर, एकदा तर जेवताना माझ्या गुडघ्यावर. कानाला लावून म्हणाले, "व्याही, गुडघा अजून खणखणीत आहे हो!" दोह्यातल्या आमच्या अल मुंतझा भागात कुठल्या बिल्डिंगचा एसी कुठल्या सुरात घुमतो ते त्यांना पाठ. स्वतःच्या हॉलमधला तर लाडका. कॉयरची प्रॅक्टिस त्यांच्याच घरी, पण सूर घ्यायला पेटी उघडायचे नाहीत, एसी लावायचे. आणि मी तीस वर्षं दोह्यात एसी दुरुस्त केलेले! घुमणारा एसी म्हणजे आजारी एसी. माझ्या हाताखालून गेलेलं मशीन आवाज करत नाही. मी स्क्रूड्रायव्हर काढला की ते आडवे यायचे, "हात लावलात तर सोयरीक खलास!"

दुसरं वेड ऑस्ट्रियातल्या एका ऑर्गन वाजवणाऱ्याचं, तो जाऊन शंभरावर वर्षं झाली. चर्चमध्ये साक्रामेंताच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या, आशीर्वादाच्या वेळी म्हणायचं एक लॅटिन गीत आहे. त्या गृहस्थाने त्याच शब्दांना तरुणपणी पाच चाली लावल्या आणि म्हातारपणी त्या पुन्हा उघडून सुधारल्या. मी विचारलं, "एका गीताला पाच कशाला? पहिली बिघडली होती?" तर म्हणाले, "तुम्ही दरवर्षी तोच एसी उघडता, तो काय बिघडलेला असतो म्हणून?" हे मला पटलं. त्या दिवसापासून तो ऑस्ट्रियावाला मला आमच्या धंद्यातला वाटतो.

नोकरी संपून वसईला परत जायच्या आधी पाचही चाली चर्चमध्ये म्हणायच्या, हा व्याह्यांचा पण. चार झाल्या. पाचवी पाच आवाजांची. त्यातला खालचा, बेसचा, एका मंगळुरी अकाउंटंटकडे होता. तो इतका चुकायचा की व्याही त्याच्याकडून तीच ओळ चाळीस-चाळीस वेळा घ्यायचे. त्याची पाठ झाली नाही. कोपऱ्यात मुलीच्या हातचा चहा पीत बसलेल्या माझी झाली. आणि व्याही जायच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी, इकडच्या चर्चच्या दिवशी, पाचवी म्हणायची, तर आठ दिवस आधी त्या अकाउंटंटची दुबईला बदली! मला कुणी विचारलं नाही. व्याह्यांचा नियमच होता, कागद वाचता येत नाही त्याने गायचं नाही. मी चौथीत शाळा सोडलेली. आणि आपणहून विचारायला जाणाऱ्यातला मी नव्हे.

शेवटच्या प्रॅक्टिसला व्याही डोकं धरून बसले. "जाऊ दे, चारच झाल्या म्हणायच्या." मला ते बघवेना. निदान एसी तरी नीट करावा म्हणून शिडी लावली. व्याही आडवे आले नाहीत, तेव्हाच कळलं माणूस खचला. खाली कॉयरमधल्या नर्सबाई आणि बाकीची मंडळी हौसेखातर पाचवी चाल एकदा म्हणत होती, बेसशिवाय. तीन पायांची खाट कशी डगमगते, तसं ते ऐकू येत होतं. माझं तोंड आपोआप उघडलं. लॅटिन कुठे नवीन होतं? लहानपणी वसईत वेदीसेवक होतो, फादरनी कान पिळून घोटून घेतलेलं. आमेनपर्यंत गेलो. व्याह्यांनी वर बघितलं.

"कागद?"

"नाही."

"उतरू नका, व्याही. यल्ला, चला, परत एकदा. तिथूनच."

शुक्रवारी त्यांनी माझ्या हातात काळी फाइल दिली, लोकांना दिसायला. आत त्यांच्या एसीचं गॅरंटी कार्ड होतं. ते बघत मी पाचवी चाल म्हटली, एक सूर हलला नाही. नंतर सगळ्यांदेखत ते म्हणाले, "हे माझे व्याही. आमचे बेस." मिस्त्री म्हणून मला पुष्कळांनी हाक मारली होती, अशी कुणी मारली नव्हती.

आता ते वसईला असतात. दर शुक्रवारी मी इथे दोह्यात मुलीकडे, त्यांच्याच जुन्या घरी, गेलो की त्यांचा फोन येतो. "व्याही, इथे नुसता पंखा आहे हो. पंख्याला सूर नसतो. जरा लावा ना." मी शिडीवर चढून फोन एसीपाशी धरतो. मुलगी खालून म्हणते, "पप्पा, एवढे मिस्त्री ना तुम्ही, ती घुमघुम बंद करा की!" पाच मिनिटांचं काम आहे. करणार नाही.