नवऱ्याची फ्रेंच गाणी

माझ्या नवऱ्याला ले-ऑफ मिळाला तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. सुरुवातीला त्याने गराज आवरलं. मग आवरलेलंच पुन्हा आवरलं. फोन वाजला की इतक्या घाईने उचलायचा की पलीकडचा माणूस दचकत असेल. मी इथे आमच्या गावातच, अल्फारेटात, एका डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कवर असते. तिथे पेशंटना अपॉइंटमेंट देताना सारखं मनात यायचं, घरी हा आत्ता काय करत असेल?

एका संध्याकाळी घरी आले तर बाथरूममधून विचित्र आवाज येत होता. दार उघडंच होतं. हा आरशासमोर उभा, ओठांचा चंबू केलेला.

“अरे, काय होतंय तुला?” मी घाबरून विचारलं.

“काही नाही. ओठ ‘ऊ’चे ठेवायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. फ्रेंचमध्ये असा एक स्वर असतो.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरीचे अर्ज करायला तो लायब्ररीत जाऊन बसायचा, तिथल्या बोर्डावर एका बाईंनी कागद लावला होता. मोठ्या माणसांना गाणं शिकवीन, आधी गायलेलं नसलं तरी चालेल. बाई पंचाहत्तरीच्या, जन्मभर चर्चमध्ये पियानो वाजवलेल्या. त्यांचा जीव फ्रेंच गाण्यांवर. एक गाणारा, एक पियानो, कुणाची तरी छोटीशी कविता, दोन-तीन मिनिटांत संपणारी.

“गायचंच आहे तर मराठी गा ना,” मी म्हटलं.

“मराठीत चुकलो की सगळ्यांना कळतं,” तो म्हणाला.

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, हा माणूस आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवायचा. तो रत्नागिरीजवळच्या गावातला. बोलणं थोडं नाकात. पुण्याला हॉस्टेलवर पोरांनी त्यावरून इतकं छळलं की त्याने ठरवून ते घालवलं. आता बाईंनी त्याला विचारलं, हे नाकातले स्वर इतके सुंदर कुठे शिकलास? हे सांगताना तो स्वयंपाकघरात नुसता येरझाऱ्या घालत होता. मलाही हसू आलं. पण रात्री जेवताना पुन्हा आतून कुरतडायला लागलं. ह्याला नोकरी नाही, आणि हा गातोय.

खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा मला त्याचा चेहरा जास्त अस्वस्थ करायचा. खोलीचं दार लावून तो गायचा. मी कपड्यांच्या घड्या घेऊन आत गेले की दिसायचं, डोळे मिटलेले, कपाळावरची आठी गेलेली. ह्या चेहऱ्याची माझी ओळख नव्हती. मी विचारायचे, “काय आहे त्या गाण्यात?”

“संध्याकाळ आहे. पाणी आहे. एक बाई नावेत बसलीय.”

“मग पुढे काय होतं?”

“काहीच होत नाही.”

मुलीला फोन केला. “लेट हिम बी, आई,” ती म्हणाली. “बाबा साउंड्स हॅपी, यार. तू का इतकी स्ट्रेस्ड आहेस?” मी तिच्यावर उगाचच चिडले.

शेवटी एक दिवस त्याच्याबरोबर मीच बाईंकडे गेले. बघू तरी म्हटलं. बाईंच्या बोटांना संधिवात होता, गाण्याचं पान उलटायला हात पियानोवरून उचलला की लय अडखळायची. त्यांनी मला शेजारी बसवलं. मला पानावरच्या त्या सुरांच्या खुणा वाचता येत नाहीत. त्या म्हणाल्या, मी मान हलवली की उलटायचं, बस. मग मीही दर वेळी जायला लागले, पण त्यांची मान हलण्याआधीच उठायचे. “यू आर ऑल्वेज अर्ली,” त्या हसून म्हणायच्या. बसवतच नव्हतं मला.

वर्षअखेरीस बाईंच्या विद्यार्थ्यांचा छोटा कार्यक्रम होता, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. आमच्या ओळखीचे काका-काकू आले होते, नागपूरचे, निवृत्त डॉक्टर दोघंही. मी पियानोशेजारच्या खुर्चीत. तिथून मला नवऱ्याची फक्त पाठ दिसत होती.

पहिलं गाणं नीट झालं. दुसरं ते नावेचं. बाईंनी सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि तो गायलाच नाही. बाई तोच तुकडा वाजवत पुन्हा सुरुवातीला आल्या. तरी नाही. त्याच्या मानेवर घाम दिसत होता. मला वाटलं, ॲटॅक! मी अर्धी उठलेच. बाईंनी माझ्याकडे न बघता मान हलवली. ‘नाही’ अशी. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज आला. आधी कापरा, मग ठीक. शेवटी पियानो एकटाच बराच वेळ वाजत राहतो, तेवढा वेळ तो हात सोडून नुसता उभा राहिला. काका “वा!” म्हणाले, जरा लवकरच.

घरी जाताना गाडी मी चालवत होते.

“मध्येच काय झालं रे तुला?”

“सकाळी पार्सिपनीच्या एका कंपनीचा फोन आला होता,” तो म्हणाला. “जॉबची ऑफर. मी नाही म्हणालो.”

समोर इंडियन ग्रोसरी दिसली, तिच्या पार्किंगमध्ये गाडी घातली आणि बंद केली.

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. आणि मी गेलो असतो. पुन्हा तिकडे एकट्याने भाड्याची खोली, घरी यायला शुक्रवारचं विमान. आठ वर्षं केलंय मी ते.” मग म्हणाला, “गायला उभा राहिलो आणि एकदम वाटलं, मूर्खपणा केला आपण. तोंडच उघडेना.”

मी खूप बोलले. इन्शुरन्स, घर, माझी नोकरी, सगळं. तो ऐकत राहिला. माणसं कोथिंबिरीच्या पिशव्या घेऊन आमच्या बाजूने जात होती.

सोमवारी सकाळी त्याने माझ्यासमोरच पार्सिपनीला फोन लावला. घरून काम चालेल का, विचारलं. ते म्हणाले, नाही. त्याने थँक यू म्हणून फोन ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं. तो जाणार नाही म्हणून वाटलं, हे कळायलाही मला क्षण लागला. आणि चहा गाळता गाळता मी पुन्हा घराच्या हप्त्यांचा हिशोब करायला लागले.

आता तो कॉलेजात संध्याकाळी मुलांना गणित शिकवतो. त्यात भागत नाही, म्हणून मी शनिवारचीही ड्यूटी घेतली आहे. घर विकायचं का, हा विषय दर आठवड्याला निघतो आणि तसाच राहतो. परवा मी भांडी घासत असताना तो मागे येऊन उभा राहिला, नव्या गाण्याची पहिली ओळ म्हणून दाखवली आणि विचारलं, “कसं वाटतं?”

“अर्थ सांग आधी,” मी म्हटलं.

ह्या वेळी तो टॉवेल घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला आणि एकेक शब्द सांगायला लागला.