आधी आपलाच विभाग

रुग्णालयाच्या संगणक विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे ताईच म्हणत. वर्षानुवर्षं साचलेले सर्व्हर बंद करून सगळा कारभार रुग्णालयाच्या स्वतःच्या क्लाउडवर न्यायचं ठरलं, तेव्हा कुठलं यंत्र कशाला जोडलंय, याचा कुणालाच पत्ता लागेना.

"एकदाच काय ते उरका आणि मोकळ्या व्हा," संचालक म्हणाले.

"चुकलं तर रुग्णांना भोगावं लागेल," ताई म्हणाल्या. "आधी आमचाच विभाग हलवते."

हलवला, आणि विभागाचं काम ठप्प झालं. ज्यावर ते काम अवलंबून होतं, असा सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला एक जुना सर्व्हर या हलवाहलवीत बंद झाला होता. "ताईंनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला," अशी टिंगल झाली. ताईही हसल्या, पण कुठे काय अडलंय ते शोधूनच उठल्या. मग बाकीचे विभाग त्यांनी बेताबेतानं हलवले.

एके दुपारी शल्यचिकित्सक हातात एक कागद घेऊन तणतणत आले. "प्रयोगशाळेला मात्र हात लावू नका हं! माझे रिपोर्ट अडकतील."

"तिथल्या लोकांशी बोलून कालच हलवली की, डॉक्टर. तुमच्या हातातला रिपोर्ट नव्या क्लाउडवरूनच आलाय."

डॉक्टर त्या कागदाकडे बघतच राहिले. मग खुर्ची ओढून बसत म्हणाले, "ताई, आजचा चहा माझ्याकडून."